लातुरातलं सर्फचं दुकान

लातुरात सर्फचं दुकान निघालं तेव्हा सुरुवातीला तिथं बायका धुण्याची पावडर मागायला यायच्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पाटीवर निळ्या अक्षरांत 'सर्फ शॉप' लिहिलेलं आणि शेजारी फेसाळलेली लाट काढलेली. आमच्याकडं फेस म्हटला की बादलीच डोळ्यासमोर येते. समुद्राच्या लाटेवर एक लांबट फळी टाकायची आणि तिच्यावर उभं राहून किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं, असा एक खेळ जगात आहे आणि त्याचं सामान इथं मिळतं, हे गल्लीतल्या कुणालाच कळलं नाही. कळल्यावर लोक आणखी हसले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणारं गाव, आणि हा लाटा विकायला बसला!

हसणाऱ्यांत मी पहिला होतो. रोज त्या दुकानावरून जाताना मला एक शांत, थंड असा तिटकारा वाटायचा. सकाळच्या चहाइतकी त्याची सवय झाली होती.

गल्ली क्लासेसची. दुकानाच्या एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला मेस, समोर गाद्या भाड्यानं देणारा आणि वर मुलींचं वसतिगृह. चौकात गुणवंतांचे एवढे मोठे फलक की पुढाऱ्यांच्या वाढदिवसांनाही जागा उरायची नाही. एकच पोरगी तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर हसताना मी पाहिली आहे. त्यातल्याच एका क्लासात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. शिकवायचो म्हणजे कोंबायचो. तरंगांचा धडा इतक्या वेळा घेतला होता की झोपेतून उठवलं असतं तरी फळ्यावर आकृती काढली असती. समुद्र मात्र मी पाहिलेला नव्हता. पोरांपैकी कुणी कधी विचारलंही नाही. आमची पोरं प्रश्न विचारत नसत. परीक्षेला कोणता प्रश्न येईल एवढंच विचारत.

असा मी त्या दुकानाची पायरी चढलो तो निव्वळ माझ्या मेहुण्यामुळं.

पंचमीला बायको माहेरी नांदेडला गेली होती. तिला आणायला गेलो तर मेहुणाही पुण्याहून आलेला. हा गृहस्थ गोदावरीच्या काठावर वाढला आणि जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात गेला नाही. पुण्यात एका कंपनीत चिकटल्यावर मात्र त्याचं बोलणं बदललं, चालणं बदललं, आणि वरणभातसुद्धा तो चमच्यानं खायला लागला. जेवताना त्यानं जाहीर केलं,

"दाजी, या दिवाळीत सगळे गोव्याला. मी सर्फिंग करणारय. आमच्या ऑफिसातले सगळे करतात."

"मीही करीन की," मी म्हणालो. सर्फिंग म्हणजे नेमकं काय ते मला त्या दुकानाच्या पाटीपुरतंच माहीत होतं.

"तुम्ही?" त्यानं चमचा खाली ठेवला. "दाजी, तुम्ही आपले किनाऱ्यावर बसा. सामान सांभाळायला कुणीतरी लागतंच ना."

"मला पोहता येतं. विहिरीत शिकलोय मी."

"विहिरीत लाटा असतात का?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सासऱ्यांनी मान खाली घालून आणखी दही घेतलं. पण बायकोही हसली, आणि ते मला लागलं. परतीच्या बसमध्ये कंधार फाट्यापासून लातूरपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. ती बिचारी मला बस लागली असं समजून आवळासुपारी देत राहिली.

पुढच्या रविवारी सकाळची बॅच संपवून मी दुकानात शिरलो. बूट बाहेर काढावेत की नाही हे कळेना, म्हणून एक काढला आणि एक तसाच ठेवून आत डोकावलो. मालक स्टुलावर अनवाणी बसला होता. पंचविशीचा पोरगा, डोक्यावर केसांचा अंबाडा, गळ्यात शिंपल्यांची माळ. मोबाईलमधून मान वर न काढता तो म्हणाला,

"साबण नाही मिळत इथं."

"साबण नको."

"मग?"

"ती फळी बघायला आलो होतो."

"बोर्ड," त्यानं दुरुस्ती केली.

लोकांच्या चुका दुरुस्त करणं हा माझा धंदा. माझी चूक दुसऱ्यानं दुरुस्त केलेली मला अजिबात चालत नाही. तिथूनच परत फिरलो असतो, पण एका पायात बूट नव्हता.

दुकानात माल फारसा नव्हताच. लाटांची चित्रं असलेले टी-शर्ट, जास्वंदीच्या फुलांच्या अर्ध्या चड्ड्या, टोप्या, गॉगल. कोपऱ्यात माणसाहून उंच, पिवळट रंगाची एकच फळी उभी होती. तिचं एक टोक उडालेलं. ही विकायची नाही, असं त्यानं मी न विचारताच सांगून टाकलं. म्हणजे सर्फच्या दुकानात सर्फची एकुलती एक फळी, आणि तीही विकायची नाही. असल्या माणसाचा धंदा बुडाला तर रडायचं कुणी? काउंटरवर पांढऱ्या गोल वड्या होत्या, नारळाचा वास येणाऱ्या. मी एक उचलून हुंगली.

"हा साबणच आहे की!"

"मेण आहे ते. बोर्डाला वरून चोळतात."

"फळी सरसर घसरावी म्हणून?"

"पाय घसरू नये म्हणून," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "सर, तुम्ही फिजिक्सचे ना? मी तुमच्या शेजारच्या क्लासला होतो. तुमच्याकडं ॲडमिशन मिळाली नव्हती."

तो स्टुलावरून उतरला, माझ्या मागं जाऊन उभा राहिला, आणि काही कळायच्या आत त्यानं माझ्या पाठीत दोन्ही हातांनी जोरात ढकललं. टोप्यांच्या मांडणीवर आपटता आपटता मी सावरलो.

"ए! अक्कल आहे का?"

"उजवा पाय पुढं आला," तो शांतपणे म्हणाला. "म्हणजे बोर्डावर तुमचा उजवा पाय पुढं राहील. गूफी."

"गूफी म्हणजे?"

"म्हणजे येडं. शिवी नाही सर, सगळीकडं असंच म्हणतात."

गिऱ्हाईकाला पाठीत रट्टा मारून येडं ठरवणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. लातुरात तर नाहीच. इथं चड्डीची नाडी घ्यायला गेलं तरी आधी चहा विचारतात. तरी मी थांबलो. मेहुण्याचा तो चमचा माझ्या डोळ्यापुढं होता.

समोरच्या दुकानातून त्यानं एक गादी आणली, फळीच्या खाली बसवलेले माशाच्या परांसारखे तुकडे काढले आणि ती गादीवर आडवी टाकली. माझ्या पँटीकडं बघून म्हणाला, "यात नाही जमणार. पडद्यामागं जा, ती फुलांची घाला." मी घातली. शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन आणि खाली जास्वंदी. मग त्यानं मला फळीवर पालथं झोपवलं, हातांनी नसलेलं पाणी मागं सारायला लावलं, आणि तो "उठा!" म्हणाला की एका झटक्यात दोन्ही पायांवर यायचं, असं सांगितलं.

"उठा!"

मी गुडघ्यावर आलो.

"गुडघे नाही टेकवायचे. पुन्हा. उठा!"

पुन्हा गुडघ्यावर. वरच्या वसतिगृहातल्या पोरी खाली उतरून काचेबाहेर जमल्या होत्या. त्यात माझ्या बॅचच्याही होत्या. पालथं पडून, तोंड गादीत खुपसून मी त्या पोराला मनातल्या मनात जेवढं बोललो तेवढं कुठल्या नापास पोरालाही बोललो नसेन. आमच्या गावात कशाचेही क्लास निघतात हे ठाऊक होतं. पण समुद्राशिवाय समुद्र शिकवणारा हा पहिलाच. नंतर वाटलं, मीही तेच करत होतो की. फक्त माझ्या वर्गात बाकं होती.

थोड्या वेळानं त्यानं दुसरं एक साधन काढलं. लाकडी फळी आणि तिच्याखाली आडवा टाकलेला गोल ओंडका. तिच्यावर दोन्ही पाय ठेवून तोल सांभाळायचा. "लाटेवर असंच वाटतं," तो म्हणाला. माझा दंड धरून त्यानं मला वर चढवलं आणि मग हात सोडला.

फळी डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली, आणि पायाखालून एक घरघर आली. लाकूड फरशीवर फिरत होतं, दुसरं काही नव्हतं. पण माझ्या पोटरीतून वर एक कळ गेली आणि मी उडी मारून थेट भिंतीला जाऊन टेकलो.

भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होतो. औसा तालुक्यातलं आमचं गाव. गणपती बोळवून झोपलो होतो. नंतर ज्यानं त्यानं ज्याची त्याची हकीकत सांगितली; मला मात्र फक्त पायांचं आठवतं. उभं राहायला गेलो आणि जमीन जागेवर नव्हती. दगडमातीच्या रुंद भिंतींचं घर, दार कुठं गेलं ते कळेना. मी आणि वडील निघालो. माझा चुलता पलीकडच्या खोलीत होता, तो निघाला नाही. पुढं सरकारनं सरळ रेषेत घरं बांधून दिली, गाव तिकडं गेलं, मी लातूरला आलो. त्याबद्दल मी कुणाशी बोलत नसे. बाहेरगावचे लोक फार चवीनं विचारतात, आणि अशा विचारणाऱ्यांची मला किळस येते.

त्या पोरानं काही विचारलं नाही. माठातून तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं.

"आई पण चढली होती एकदा," तो म्हणाला. "तिचं माहेर भूकंपातल्या गावचं. अशीच उतरली."

एवढं बोलून त्यानं ओंडका पायानं काउंटरखाली ढकलला. माझ्या मनात त्याच्याबद्दल बरं काही यायला लागलं होतं, तेवढ्यात त्याचा बाप आला.

बापाला सगळी गल्ली ओळखायची. त्याची या भागात वसतिगृहं होती, ही दुकानाची जागाही त्याचीच. एका खोलीत प्लायवूड घालून तो तिच्या चार खोल्या करायचा, आणि प्रत्येक खोलीत एक पोरगं, एक टेबल, एक देवाचा फोटो. खिडकी ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलण्यात सारखं 'विद्यार्थी हेच दैवत'. त्याच्याबरोबर शेजारचा मेसवाला होता, हातात टेप घेऊन. दोघांनी मला पाहिलं.

"सर? तुम्ही हितं?" बापाची नजर माझ्या जास्वंदीवर थांबली. "आन हे काय घातलंय?"

मी उत्तर द्यायच्या आत मेसवाल्यानं भिंतीला टेप लावला. "मालक, ही मधली भिंत पाडली की लई जागा हुती. पोळ्या लाटायच्या बाया हितं बसतेल." मग फळीपाशी वाकून त्यानं तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. "ह्याचं टेबल झ्याक हुईल बघा. पाय ठोकायचे खाली."

पोरगा फळीच्या आडवा येऊन उभा राहिला. "हात नका लावू."

"तू गप!" बाप ओरडला, आणि माझ्याकडं वळला. "सर, तुम्ही तरी समजावून सांगा ह्याला. डॉक्टर व्हायला धाडला तिकडं कर्नाटकात. कॉलेजाच्या मागं समुद्र. हे पोरगं कॉलेज सोडून समुद्रातच बसलं, आन ही फळी घेऊन घरी आलं. आता हितं बसून काय करून राह्यलं विचारा. एक तरी गिऱ्हाईक येतं का? बाया साबण मागून राहिल्यात. लोक हसून राहिलेत आमाला!"

मी हो म्हणेन याची त्याला खात्री होती. आम्ही एकाच धंद्यातले. मी पोरांना दिवसा कोंबायचो, तो रात्री. आणि खरं सांगायचं तर त्याचं प्रत्येक वाक्य मी गेले कित्येक आठवडे स्वतःशी म्हणत आलो होतो. पण ती वाक्यं त्या तोंडून ऐकताना मला शिसारी आली. त्या पोराबद्दल मला प्रेम बिम काही वाटलं नव्हतं. त्याच्या बापाच्या बाजूला उभं राहणं मात्र शक्य नव्हतं.

"मी आहे की गिऱ्हाईक," मी म्हणालो. "शिकायला येतो इथं. रोज."

"तुम्ही?"

"हाव. रोज येतो."

एका शिकल्यासवरल्या माणसाचं डोकं फिरलेलं पाहून वाईट वाटावं, तसा बापाचा चेहरा झाला. मेसवाल्यानं टेप गुंडाळला. "दिवाळीपर्यंत बघतो," बाप पोराला म्हणाला. "मग ह्या फळीवर पोळ्याच लाटल्या जातेल." दोघं गेले.

पोरानं आभार मानले नाहीत. तो म्हणाला, "रोज म्हणालात सर. मग उद्या साडेपाचला या. आणि ढेरी कमी करा."

बोललो होतो, त्यामुळं जावं लागलं. पहाटेच्या बॅचआधी मी त्या गादीवर उठाबशा काढायचो. ओंडक्याच्या वाटेला तो मला पुन्हा नेत नसे. एक दिवस मी स्वतःच चढलो, दोन श्वास थांबलो आणि उतरलो. तो मोबाईल बघत असल्याचं नाटक करत होता. वर्गात पोरं फळ्यावर माझ्याआधी लाट काढून ठेवायला लागली. क्लासच्या संचालकांनी केबिनमध्ये बोलावून "सर, आपली एक प्रतिमा असते" असं सुरू केलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांचाच हात जोडलेला मोठा फोटो होता. मी त्या प्रतिमेकडं बघत सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गादीवर गेलो.

दिवाळीत गोव्याला गेलो. समुद्राबद्दल मी काही लिहिणार नाही. पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या माणसांचं लिखाण मला वाचवत नाही. एवढंच सांगतो, तो मोठा होता आणि नाकातोंडात गेला की फार वाईट लागत होता. भाड्याची फळी घेऊन मी सकाळभर धडपडलो. फळीची दोरी घोट्याला बांधलेली, गुराच्या दाव्यासारखी; मी पडलो की फळी ओढ द्यायची आणि मला वाळूतून फरफटत न्यायची. उठलो ते गुडघ्यापर्यंतच. दर वेळी गुडघ्यापर्यंत.

आणि मेहुण्याला जमलं. हे सांगताना आजही माझे दात आवळले जातात. ना सराव, ना गादी, ना पहाटे उठणं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो सरळ उभा राहिला आणि हात पसरून किनाऱ्यापर्यंत आला. बायकोनं टाळ्या वाजवल्या. मी वाट बघत होतो की आता हा मला टोमणा मारेल. तो माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम्ही खरंच मेहनत घेतलीय हां. दिसतं ते." टोमणा मारला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

लातूरला परतलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. पाटी उतरवलेली. मधल्या भिंतीला मोठं भगदाड पडलं होतं आणि त्यातून मेसमधल्या फोडणीचा वास येत होता. पोरगा फळी सतरंजीत गुंडाळून सुतळीनं बांधत होता.

"कुठं?"

"आधी नांदेडला मावशीकडं. मग तिथून रेल्वेनं खाली, समुद्राकडं. तिथं एक जण शिकवायला बोलावतोय." गाठ मारून त्यानं विचारलं, "उभे राहिलात का सर?"

"गुडघ्यापर्यंत."

"गुडघ्यापर्यंत सगळेच राहतात," तो म्हणाला.

इतक्या पहाटा वाया घालवून हे ऐकायला मिळालं! माझ्या ओठांवर फार वाईट शब्द आला होता. पण एकट्यानं ती फळी बसस्टँडपर्यंत नेणं त्याला जमणार नव्हतं, त्याचा बाप येणार नव्हता, आणि रिक्षात ती मावणार नव्हती. मी एक टोक उचललं. भर बाजारातून आम्ही ती दोघांनी खांद्यावर घेऊन चाललो. एका पानवाल्यानं आम्हाला बघून टोपी काढली आणि हात जोडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कशासारखी दिसत होती.

नांदेड गाडीच्या कंडक्टरच्याही ते लक्षात आलं.

"ओ, मयत हाय का त्याच्यात? मयताला गाडी न्हाई."

"मयत नाही, बोर्ड आहे," पोरगा म्हणाला.

"शाळंचा?"

"समुद्राचा."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी कपडे बरे घातले होते. "सर, तुमी सांगा. काय हाय हे?"

"फळी आहे," मी म्हणालो. "पाण्यावर टाकतात आणि वर उभं राहतात."

"कशापायी?"

चाकूरला उतरणारा एक म्हातारा दारात खोळंबला होता, तो वैतागून म्हणाला, "आरं घे की वर, का उन्हात उभं करतूस सगळ्यायला!" मग कंडक्टरनं हात झटकले. आम्ही मागच्या शिडीनं फळी टपावर चढवली. पोरगा वर, मी खाली. माझ्या शर्टाची बाही खिळ्यात अडकून फाटली. त्यानं घोट्याची दोरी काढून फळी कॅरियरच्या दांडीला बांधली, दोनदा ओढून बघितली, खाली उतरला आणि मला न विचारता माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन रिकामी केली.

गाडी हलली. त्यानं हात केला नाही. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघून तो टपाकडं बघत होता, दोरी सैल तर होत नाही ना म्हणून, आणि कंडक्टर आतून त्याच्या नावानं शिव्या देत त्याचा शर्ट धरून ओढत होता.